दोन पलंग आणि एक हिरवा पडदा

ठाकूरद्वार, गिरगाव
३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सुनेत्रा परुळेकर,
संचालिका, निश्चिंत रुग्णसेवा ब्युरो, लालबाग

सप्रेम नमस्कार.

आपल्या ब्युरोच्या नियम क्र. ३ नुसार तक्रार फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर न करता लेखी द्यावयाची असल्याने हे पत्र रामूच्या हाती पाठवीत आहे. वास्तविक ही तक्रार नाही, विनंती आहे. परंतु विनंतीसाठी आपल्या नियमावलीत वेगळी सोय आढळली नाही. मी घरी बसून सरकारी नियमावल्यांचे मराठी भाषांतर करतो, त्यामुळे माझी भाषा जरा अशीच आहे. सांभाळून घ्यावे.

आपल्याला माझी हकीकत ठाऊक आहेच. बारा वर्षांपूर्वी आकाशकंदील लावताना स्टुलावरून पडलो आणि छातीखालच्या शरीराने माझ्याशी असहकार पुकारला. तेव्हापासून रामू मला उचलतो, निजवतो, बसवतो. गेल्या १२ जानेवारीस माझा क्षितिजाशी विवाह झाला. तिला लहानपणापासून स्नायूंचा आजार असल्याने तीही चाकाच्या खुर्चीत असते, आणि तिच्याबरोबर आपल्याच ब्युरोच्या कमळाबाई या घरी आल्या. लग्नाला आपण आला होता. 'नांदा सौख्यभरे' म्हणून आपण दिलेला कुकर वापरात आहे.

लग्नानिमित्त माझ्या आईने एक पलंग घेतला आणि क्षितिजाच्या आईने दुसरा. दोन्ही दवाखान्यासारखे, वरखाली होणारे, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे असलेले. झोपण्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे आहे: माझा पलंग, रामूची गादी, मर्यादेसाठी आडवी ठेवलेली सुटकेस, कमळाबाईंची चटई, क्षितिजाचा पलंग. खोलीचे दार नियम ९ प्रमाणे उघडे.

तरी विनंती की, मंगळवार व शुक्रवार दुपारी दोन ते चार या वेळेत आम्हां उभयतांस एकांत मिळावा.

कळावे.
आपला,
गंधार धैर्यवान


लालबाग
६ फेब्रुवारी २०२५

गंधारभाऊ,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. रामूच्या घोरण्याबद्दल तो तुमच्याकडे येण्याआधीही दोन घरांतून कळलं होतं, पण माणूस सोन्यासारखा म्हणून कुणी फार मनावर घेत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाचं घोरणं आता काय सुधारणार? दुपारीही तो आडवा होतो, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. त्याला समज दिली आहे.

एकांताची सोय केली आहे. मी तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते, तेव्हापासून एक हिरवा पडदा माझ्याकडे आहे. चाकं असलेली लोखंडी चौकट, कापड नवं लावून घेतलंय. टेम्पोने पाठवते. दोन पलंगांच्या बरोबर मध्ये उभा करा. तुम्ही तुमच्या बाजूला, क्षितिजा तिच्या बाजूला, कुणाचा कुणाला त्रास नाही.

एक मोठी बहीण म्हणून सांगते, राग मानू नका. नवा संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच. महिन्याभरातच बायकोचं तोंड बघायला नको वाटणं काही चांगलं नाही.

सुनेत्रा परुळेकर


ठाकूरद्वार, गिरगाव
१० फेब्रुवारी २०२५

श्रीमती परुळेकर यांस,

स. न. हिरवा पडदा सुस्थितीत पोहोचला. आपल्या तत्परतेबद्दल आभार.

तथापि माझ्या पत्रात संदिग्धता राहिली असावी. अपेक्षित एकांत हा प्रत्येकी नसून सामायिक स्वरूपाचा आहे. म्हणजे आम्हां दोघांस एकमेकांपासून नव्हे, तर एकमेकांसह. रामू व कमळाबाई यांच्याबद्दल आम्हांस नितांत आदर असून, सदर वेळेत तो आदर गॅलरीतून स्वीकारण्यास त्यांची हरकत नसावी.

अधिक काय लिहावे? आपण सुज्ञ आहात.

आपला,
गंधार धैर्यवान

ता. क. क्षितिजा पडद्यापलीकडून विचारते आहे की एवढं लिहून झालं तरी काय. तिला 'आलोच' म्हणालो. येणार कसा, हा प्रश्न आहेच.


लालबाग
१३ फेब्रुवारी २०२५

गंधारभाऊ,

आता नीट कळलं. दिवसभर चार भिंतींत बसून माणसं कोमेजतात. दोघांनी मिळून थोडं बाहेर पडायला हवं, हे माझ्याच लक्षात आधी यायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी रामू आणि कमळाबाई तुम्हाला चौपाटीवर नेतील. खुर्च्या शेजारी शेजारी लावायच्या आणि आपण दहा पावलं मागे उभं राहायचं, असं दोघांना बजावून सांगितलंय. कुल्फी खा. साखरेचा त्रास तुम्हा दोघांनाही नाही, फाइल बघूनच लिहितेय.

सुनेत्रा परुळेकर


ठाकूरद्वार, गिरगाव
१७ फेब्रुवारी २०२५

सुनेत्राताईंना नमस्कार.

मी क्षितिजा. मी फोनला सांगते, तो लिहून घेतो आणि कमळाबाई कागद छापून पाकिटात घालते. तेव्हा हे पत्र तिच्यासमोरच लिहितेय, तिच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

चौपाटी छान होती. रामूने दोन्ही खुर्च्यांची तोंडं समुद्राकडे करून ब्रेक लावले, त्यामुळे मी तासभर अरबी समुद्र पाहिला, नवरा नाही. कुल्फी केशराची होती.

ताई, माझा नवरा ताकाला जाऊन भांडं लपवतोय. दोन पत्रांत त्याला जे सांगता आलं नाही ते मी सांगते. आम्हाला दोघांना एका पलंगावर झोपायचंय. कपड्यांशिवाय. दार लावून. मला हात वर उचलता येत नाही आणि त्याला कूस वळता येत नाही, म्हणून आम्हाला एकमेकांशेजारी नेऊन ठेवायला, बाजूला उशा लावायला आणि नंतर परत न्यायला माणसं लागतात. मधल्या वेळात ती लागत नाहीत. तेव्हा त्यांनी बाहेर जावं. बस, एवढंच.

लग्नाला महिना उलटून गेला. आम्ही एकमेकांना अजून नमस्काराच्या अंतरावरून ओळखतो.

तुमची,
क्षितिजा


लालबाग
२० फेब्रुवारी २०२५

क्षितिजा,

तुझं पत्र आधी उशीखाली ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग कपाटाला कुलूप लावलं. अशा गोष्टी कागदावर लिहितात का गं? आणि तेही छापून?

तू स्पष्ट लिहिलंस, मीही स्पष्ट लिहिते. हे होणार नाही. नियम ७: रुग्णाच्या पलंगावर दुसऱ्या कोणीही बसू किंवा झोपू नये. नियम ९: रुग्णाच्या खोलीचं दार बंद असू नये. हे नियम मी हौसेने केलेले नाहीत. चार वर्षांपूर्वी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये कमळाबाई ड्यूटीला होती. घरात माणसं असताना एका भल्या घरच्या म्हाताऱ्याने दार लावून घेतलं आणि तिचा हात धरला. घरचे काय म्हणाले माहीत आहे? आजारी माणूस आहे, त्याला काय कळतंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी मी ते नियम छापले. ते रुग्णांसाठी नाहीत, माझ्या बायकांसाठी आहेत. लालबाग-परळच्या घरांतून त्या माझ्या नावावर विश्वास ठेवून बाहेर पडतात. उद्या कुणी म्हणालं, ही ब्युरोवाली असलीही कामं करते, तर मी कुठे तोंड दाखवू?

आणि खरं सांगू, आजारपणात या गोष्टी मागे पडतात. आमचे हे, म्हणजे अप्पा, सहा वर्षं अंथरुणाला आहेत, अर्धं अंग गेलंय. हॉलमध्ये तुमच्यासारखाच कठड्याचा पलंग आहे, मी आत झोपते. त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

नियम मोडला तर रामू आणि कमळाबाईला मला परत बोलवावं लागेल. दुसरा ब्युरो तुमच्यासारखी जोडी घेत नाही, हे तुलाही माहीत आहे.

सुनेत्रा


ठाकूरद्वार, गिरगाव
२४ फेब्रुवारी २०२५

ताई,

माहीत आहे. रामू आणि कमळाबाई गेले तर तिसऱ्या दिवशी मी आईकडे दादरला आणि गंधार त्याच्या आईकडे. आईने माझी खोली तशीच ठेवलीय, आणि 'बघ, मी म्हटलं नव्हतं' हे वाक्यही तयार ठेवलंय. तेव्हा तुमच्या हातात आमच्या दोन दुपारी नाहीत, आमचं लग्न आहे. हे धमकी म्हणून नाही लिहीत. भीती वाटते म्हणून लिहितेय.

कमळाबाईचं मला आधी ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र तिनेच उघडून माझ्यासमोर धरलं होतं, तेव्हा दोघींनी एकदमच वाचलं. तिचा हात धरणारा तो म्हातारा आणि मी, आमच्यात फरक आहे, ताई. त्याने तिला विचारलं नव्हतं. मी विचारतेय. ती नाही म्हणाली असती तर हे पत्र लिहिलंच नसतं. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत छापतेय:

'सिस्टर, तेंचा लगीन झाला हा. माका कसलो त्रास? मी गॅलरीत बसतलंय नि कोळंबी सोलतलंय. त्या म्हाताऱ्याचो हात येगळो, ह्यो येगळो. माका कळता.'

रामू म्हणतो की त्याला वर्तमानपत्र दिलं तर चारच काय, सहापर्यंतही तो बसेल. कोडं सुटायला तेवढा वेळ लागतोच.

तुम्ही म्हणता या गोष्टी मागे पडतात. माझं अंग आजवर कुणी हाताळलं नाही? डॉक्टरांनी, आयांनी, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी, एकदा तर लिफ्टमधल्या अनोळखी काकांनी, देवाचं नाव घेत. पुसलं, उचललं, वळवलं, टोचलं. कुणालाच त्यात लाज वाटली नाही. ज्याचा हात मला हवा आहे तो एकच माणूस, आणि त्याच्या-माझ्यात दोन कठडे, एक सुटकेस आणि तुमचा हिरवा पडदा आहे. याचं मला रडू येतं, आणि रडू आलं की डोळे पुसायलाही कमळाबाईच लागते.

शेवटचं विचारते, रागावू नका. अप्पांनी हूं की चूं केलं नाही म्हणता. तुम्ही त्यांना विचारलं होतंत का?

क्षितिजा


ठाकूरद्वार, गिरगाव
१ मार्च २०२५

श्रीमती परुळेकर यांस,

स. न. आपले उत्तर आले नाही. दरम्यान नियम ७ व ९ यांचा भंग झाला असून त्याची कबुली देण्यासाठी हे पत्र आहे. संपूर्ण जबाबदारी माझी. रामू व कमळाबाई यांस दोष देऊ नये, जरी कमळाबाईंचे म्हणणे 'सिस्टर काय म्हणतली ती माका म्हणतली' असे असले तरी.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी रोजी दुपारी दोन वाजता दोन्ही पलंग एकमेकांना चिकटवून मधले कठडे खाली करण्यात आले. आम्हांस शेजारी निजवून, उशा लावून, अंगावर चादर घालून, क्षितिजाच्या हातात घंटीचे बटण देऊन दोघे बाहेर गेले. दार लावले गेले. इथवर सर्व नियोजनाप्रमाणे.

पलंगांना चाके असतात, हे आपण जाणताच. रामूने माझ्या पलंगाचे ब्रेक लावले होते. क्षितिजाच्या पलंगाचे लावायचे राहिले. आम्ही काही फार हालचाल करणारी माणसे नव्हे, परंतु जी काही झाली तिच्यामुळे तिचा पलंग हळूहळू खिडकीकडे निघाला आणि मी मधल्या फटीत उतरू लागलो. एक खांदा माझ्या आईच्या पलंगावर, एक तिच्या आईच्या, आणि बाकीचा मी कुठेच नाही.

क्षितिजाने घंटी दाबली. आता आत यायचे तर आमची लाज, न यावे तर माझी मान. कमळाबाईंनी क्षणात तोडगा काढला. दार उघडले आणि आपला हिरवा पडदा स्वतःच्या चाकांवर आत आला. त्याच्याखाली चार पाय दिसत होते. पडदा पलंगापाशी थांबला, त्याच्या कडेने रामूचे दोन हात बाहेर आले आणि त्याने डोळे गच्च मिटून, मोठ्याने मारुतिस्तोत्र म्हणत, मला चादरीसकट वर उचलले. कमळाबाईंनी पायाने पलंग परत ढकलला, ब्रेक लावले आणि पडदा आल्या वाटेने बाहेर गेला. शेवटचे कडवे गॅलरीत पूर्ण झाले.

यानंतर क्षितिजा इतकी हसली की तिला श्वास लागतो की काय असे मला वाटले. मग मीही हसलो. बारा वर्षांपूर्वी पडलो तेव्हापासून पडण्याच्या कल्पनेने मला घाम फुटतो. काल मी पडता पडता राहिलो आणि मला आनंद झाला. हे कोणत्या नियमावलीच्या भाषेत लिहावे, मला समजत नाही. मी सुखी आहे, सुनेत्राताई. हे टिकावे एवढीच इच्छा आहे.

आज आमच्या ओळखीचे सुतार कुशाबा यांनी मधले दोन कठडे काढून पलंग लोखंडी पट्ट्यांनी जोडले. गणपतीची मखरं करणारा माणूस आहे, काम पक्के आहे.

आपण जो निर्णय घ्याल तो कळवावा.

आपला,
गंधार


लालबाग
५ मार्च २०२५

गंधार आणि क्षितिजा,

तुम्हाला माहीत नाही, पण काल मंगळवारी दुपारी सव्वादोनला मी तुमच्या घरी आले होते. रामू आणि कमळाबाईला घेऊन जायलाच आले होते. टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती.

गॅलरीत रामू पेपर वाचत होता. मला बघून उभा राहिला, पण पेपर खाली ठेवला नाही. कमळाबाई उठलीही नाही. पुढ्यात कोळंबीचं पातेलं होतं. मी म्हटलं, चला, सामान भरा. ती म्हणाली, चार वाजेपर्यंत माझी ड्यूटी आहे, घंटी वाजली तर कोण बघणार? मग तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. आता रागात का होईना, समोर कोळंबी आली की परुळेकरांच्या सुनेचे हात गप्प बसत नाहीत. मी सोलत बसले.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. बाकी काही नाही, नुसतं हसणं. आधी क्षितिजाचं, मग गंधारचं, मग दोघांचं. मी तीस वर्षं वॉर्ड सांभाळला. कण्हणं ऐकलं, रडणं ऐकलं, देवाचा धावा ऐकला. रुग्णाच्या खोलीतून असलं हसणं ऐकल्याचं मला आठवत नाही. मी कमळाबाईला विचारलं, तुला खरंच काही वाटत नाही ना? कुणी दबाव घातला नाही ना? ती म्हणाली, 'सिस्टर, ह्या घरात माका पयल्यांदा कोणी इचारल्यानी.' मी टॅक्सी सोडून दिली आणि बसने घरी आले.

दोघं तुमच्याकडेच राहतील. नियम ७ आणि ९ बदलते. गंधारभाऊ, तुम्ही मसुदा करा, तुमच्या त्या भाषेत, म्हणजे कुणाला वाचून लाजायला होणार नाही. पलंगावर कोण बसेल आणि दार कधी लागेल हे पलंगावरचा माणूस सांगेल. उचलणं, ठेवणं, घंटीला येणं हे आमचं काम. मधल्या वेळाचं काम कुणी माझ्या माणसांना सांगायचं नाही, आणि माझ्या माणसाने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. कंसात 'विवाहितांसाठी' असं घाला.

हिरवा पडदा राहू द्या. उपयोगी पडतो म्हणता.

सुनेत्रा


लालबाग
२ एप्रिल २०२५

प्रिय क्षितिजा,

हे फक्त तुला. गंधारला दाखवलंस तरी चालेल, पण त्याने उत्तर लिहू नये.

मसुदा छापायला दिला. तू कंस खोडून पाठवलास तेव्हा मी तुझ्याशी भांडणार होते. मनात चांगलं दोन पानी पत्रही जुळवलं होतं. पण त्याच आठवड्यात माहीमच्या लतिकाबाई, वय चौसष्ट, मला म्हणाल्या की गुरुवारी त्यांचे मित्र येतात तेव्हा आमच्या बाईने बाजारात जावं. दोघं एकटीच आहेत, वीस वर्षांची ओळख. मी तोंड उघडलं, आणि लग्नाचा दाखला मागणार तेवढ्यात मला कोळंबीचं पातेलं आठवलं. कंस गेला तो गेला.

आता दुसरं. तू विचारलं होतंस, अप्पांना विचारलंत का. त्याचा मला फार राग आला होता. महिनाभर राग धरला. राग उतरेना, तेव्हा लक्षात आलं की तो तुझ्यावरचा नाही.

अप्पा फार बोलत नाहीत, आजारपणात शब्द गेले त्यांचे. हो, नको, पाणी, आणि रेडिओवर क्रिकेट असलं की एक शिवी, ती अजून स्वच्छ येते. सहा वर्षं मी त्यांना न्हाऊ घालते, दाढी करते, रोज कठडा वर करून खिट्टी लावते आणि आत जाऊन झोपते. सगळं सिस्टरसारखं, नियमाने. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी मलाच सांगत होते. खरं म्हणजे त्यांनी नको म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं, म्हणून विचारलंच नाही.

पाडव्याच्या दुपारी जेवणं झाली, श्रीखंडामुळे जरा सुस्ती आली होती. मी कठडा खाली केला आणि म्हटलं, अहो, जरा सरकता येईल का, मी पडते इथे. त्यांना सरकता येत नाही, मलाच सरकवावं लागलं. माझं वजन ब्याऐंशी किलो, पलंग एका माणसाचा. कशीबशी कडेवर टेकले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग बरा असलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, 'कुठे होतीस?'

सहा वर्षांत एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते गं.

मी रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. मग अर्ध्या तासाने खाली पडले, तेही सांगते. कंबर दुखते आहे, काळजी नको.

तर पत्राचं कारण असं, की त्या कुशाबांचा नंबर पाठव. आमच्या पलंगाला एक जोड हवी आहे, पक्की, गणपतीच्या मखरासारखी. त्यांना आधीच सांगून ठेव की भिंतीकडचा कठडा राहू द्यायचा. दुसऱ्या बाजूचा काढून न्यावा, तिकडे मी असते.

तुझी,
सुनेत्राताई